जिन्यात जरा थांबू

४ मार्च, सोमवार

ही वही खरं म्हणजे ह्यांची. काल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बजावलं, की पुन्हा असं झालं तर लिहून ठेवा. कधी झालं, तेव्हा काय करत होता, किती वेळ टिकलं, सगळं. येताना ह्यांनी हौसेने वही घेतली, पहिल्या पानावर तारीख टाकली आणि पेन माझ्या हातात दिलं. म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे." लग्नाला इतकी वर्षं झाली, अक्षराचं कौतुक आत्ता सुचलं.

तर झालं असं. काल दुकानात बिलाच्या रांगेत उभे होतो. पुढच्या बाईंचं कार्ड चालेना, मागचे लोक चुळबुळ करायला लागले आणि ह्यांनी एकदम छातीवर हात ठेवला. "मी चाललो," म्हणाले. मला वाटलं रांग सोडून चाललेत. पाहते तर साबणाच्या खोक्यांना टेकून खाली बसलेले, चेहरा पांढराफटक, घाम, बोटांना मुंग्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अँब्युलन्स आली, ईसीजी झाला, रक्त दोनदा तपासलं. हृदय ठणठणीत. पॅनिक अटॅक.

"म्हणजे काहीच नाही?" ह्यांनी विचारलं. आवाजात चक्क निराशा होती.

"काहीच नाही कसं?" बाई म्हणाल्या. "त्रास खराच होता. फक्त हृदय खराब नाही."

मी लगेच विचारून घेतलं, की हे आणि ते घरच्या घरी ओळखायचं कसं. मला धंद्यापुरता रस आहे त्यात. घरगुती मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रारींचे फोन मी घेते. वॉशिंग मशीन, मिक्सर, फ्रिज. समोरचा माणूस "मशीन मेलं" असं ओरडत असतो आणि मी शांतपणे विचारते, प्लग लावलाय का? बहुतेक वेळा नसतो. बाईंनी नीट समजावलं. पॅनिक झपाट्याने चढतं आणि थोड्या वेळात उतरतं, मुंग्या येतात, आता मरणार असं वाटतं. हृदयाचं असेल तर दाब येतो, ओझं ठेवल्यासारखं वाटतं, ते हातात, जबड्यात, पाठीत पसरतं, श्रमाने वाढतं. बायकांना कधी कधी नुसती मळमळ आणि थकवा. "पण हे असं ढोबळ आहे," त्या म्हणाल्या. "घरी बसून तुम्ही ठरवायचं नाही. शंका आली की फोन. उगाच आलेला पेशंट आम्हाला सगळ्यात जास्त आवडतो."

छान समजावतात. आता पुढच्या वेळी मी बघून घेईन.

९ मार्च, शनिवार

दुसरा अटॅक. स्थळ: आमचा सोफा. प्रसंग: हे पायाची नखं कापत होते. म्हणजे कारण काही लागत नाही असं दिसतं.

मी ऑफिसच्या क्रमाने गेले. मुंग्या? हो. एकदम सुरू झालं? हो. मरणार असं वाटतंय? "वाटतंय काय, मरतोयच!" हे किंचाळले. बरं. मग श्वास आत घ्या, थांबा, हळू सोडा. मी समोर बसून त्यांच्याबरोबर श्वास घेत राहिले. थोड्या वेळाने खांदे खाली आले, मग तहान लागली, मग उरलेली नखं कापून झाली.

"टेक्निशियन पाठवायची गरज नाही," मी जाहीर केलं. हे हसले. आमच्या ऑफिसात हे वाक्य म्हणजे पदक आहे. तिथे पाठीला आधार आणि दोन हात असलेली एकच धड खुर्ची आहे. महिनाभरात जो सगळ्यात कमी वेळा टेक्निशियन पाठवतो, त्याला पुढचा महिना ती मिळते. बाकीच्यांनी डुगडुगत बसायचं. गेले काही महिने ती माझ्याकडे मुक्कामाला आहे. पलीकडच्या टेबलावरचा हॅलोहॅलो, जो प्रत्येक फोनला दोनदा हॅलो म्हणतो, तो तिच्याकडे बघून उसासे टाकतो.

गंमत म्हणजे हेच आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. समोर भिंत, शिकणाऱ्याने ब्रेकऐवजी भलतंच काही दाबलेलं, तरी ह्यांचा आवाज वर जात नाही. त्यांच्या बाजूला त्यांचा वेगळा ब्रेक असतो, तो अलगद दाबतात आणि म्हणतात, "पुन्हा एकदा करून बघू." सगळे म्हणतात, तुमच्या सरांचं डोकं म्हणजे बर्फ. येऊन बघा म्हणावं सोफ्यावर.

१४ मार्च, गुरुवार

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बांधणाऱ्याच्या स्वप्नातच राहिलेली. आज बाजारातून येताना हे दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला हात टेकून उभे राहिले. "जरा थांबू," म्हणाले. एका आजाराने माणूस केवढा हळवा होतो! मीही थांबले. माझ्या हातातल्या पिशवीचं वजन जरा जास्तच झालं होतं, त्यामुळे मला ते सोयीचं पडलं, हे इथे गुपचूप लिहून ठेवते.

डावीकडची दाढ कुरकुरायला लागली आहे. मजेशीर दाढ आहे. जिना चढताना ठणकते, बसलं की गप्प. चघळताना काही म्हणत नाही. लाडावलेली आहे. दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येईन महिना संपल्यावर.

लेकीचा फोन आला होता. ती दूर शिकते, त्यामुळे काळजी सोयीने करते. बाबांची चौकशी सविस्तर झाली, मग, "आई, तू कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीये?" मी म्हटलं. ती हसली, फोन ठेवला.

१९ मार्च, मंगळवार

माझी कीर्ती ऑफिसभर झाली आहे. आज हॅलोहॅलो धडधडतंय म्हणत छाती धरून माझ्याकडे आला. मी प्रश्न विचारले. सकाळपासून किती कॉफी प्यायलास, ह्या प्रश्नावर गडी अडखळला. त्याला पाणी पाजून टेबलावर परत पाठवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून अभिवादन केलं आणि उठल्यावर जरा गरगरलं, पण टाळ्या मिळाल्या की माणसाचं होतंच तसं.

हल्ली थकवा फार येतो. काल जेवण झाल्यावर भांडी तशीच ठेवून आडवी झाले. माझ्या बाबतीत ही गोष्ट पेपरात छापून यायला हवी. सकाळी पाहते तर भांडी घासून पालथी घातलेली.  मी आभार वगैरे मानले नाहीत, उगाच सवय मोडायची.

संध्याकाळी मात्र सुरुवात झाली. "आपण दोघंही तपासणी करून घेऊ या का? ईसीजी वगैरे."

"तुमचा झाला की."

"तुझा नाही झाला."

"तुमचा आजार तुम्हाला पुरेना, आता वाटायला निघालात?" मी म्हटलं. त्यांनी पेपर उघडला. मग पेपराआडून, "पण तुझी ती दाढ..." मी म्हटलं, दाढेचा ईसीजी काढत नाहीत. एकतीस तारखेपर्यंत मला कुठेही जायला वेळ नाही. हॅलोहॅलो या महिन्यात माझ्या अगदी जवळ आलाय. खुर्चीचा प्रश्न आहे.

२४ मार्च, रविवार

ह्यांचं वाढलंय. आता पहिल्या मजल्याच्या वळणावरही थांबतात, आणि दुसऱ्याच्याही. दर वेळी तेच, कठड्यावर हात, "जरा थांबू." मग खिडकीतून खालच्या पार्किंगकडे बघत उगाच बोलत राहतात. ती निळी गाडी कशी वाकडी लावलीये, अशी लावली तर मागचा कसा काढणार. बोलणं संपेपर्यंत माझा श्वास जागेवर आलेला असतो, मग आम्ही निघतो. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं, पॅनिकमध्ये जिना चढायला त्रास होतो का म्हणून.

त्यात आणि पुरुषी अभिमान किती! स्वतःला थांबावं लागतंय, तरी पिशव्या सगळ्या स्वतःकडे. मी एक ओढायला गेले तर हात मागे घेतला. "असू दे गं."

या आठवड्यात सोफ्यावरचा अटॅक एकही नाही. जिन्याचं सोडलं तर प्रगती आहे.

२८ मार्च, गुरुवार

डोकं फिरलंय. परवा एका बाईंचा फोन आला होता, फ्रिजचा आवाज बदललाय म्हणून. गार होतंय का? होतंय. दिवा लागतोय का? लागतोय. मग मी म्हटलं, ताई, फ्रिज म्हटला की आवाज करायचाच. त्या म्हणाल्या, "अहो, मी रोज त्याच्या शेजारी उभी असते. हा त्याचा नेहमीचा आवाज नाही." मी गोड बोलून फोन ठेवला. आज त्यांनी पुन्हा फोन केला, तो नेमका हॅलोहॅलोने घेतला, आणि त्या भाबड्याने टेक्निशियन पाठवला. कॉम्प्रेसर आज-उद्या जाणारच होता म्हणे! हॅलोहॅलो दिवसभर शीळ वाजवत होता. असल्या गोष्टी नेमक्या महिन्याच्या शेवटी होतात.

घरी येताना दोन्ही वळणांवर थांबलो. आज तर हे दाराशीसुद्धा किल्ली शोधत बराच वेळ उभे होते. किल्ली हातातच होती.

३१ मार्च, रविवार

काल निकाल लागला. खुर्ची माझी! एका टेक्निशियनच्या फरकाने. ह्यांना सांगितलं तर नुसतं "बरं झालं" म्हणाले.

आज सकाळपासून कसंतरीच होतंय. मळमळतंय. चहा तसाच ठेवला. ऍसिडिटी असणार, काल आनंदाच्या भरात आइस्क्रीम जरा जास्तच झालं. पाठीत दोन्ही खांद्यांच्या मध्ये कुणी वजन ठेवल्यासारखं, आणि दाढ आज बसल्या बसल्यासुद्धा ठणकतेय. मुंग्या नाहीत. भीती तर अजिबातच नाही. मघाशी मी ह्यांना शिकवला तसा श्वास स्वतःच घेऊन बघितला, काही फरक नाही. म्हणजे पॅनिक नाही, एवढं नक्की झालं, तेव्हा काळजीचं कारण नाही.

हे समोर येऊन बसलेत आणि टक लावून माझ्याकडे बघतायत. लिहिताना कुणी असं बघितलं की मला सुचत नाही. घामाने पेन निसटतंय, पंखा लावायला सांगते. आता उठले. फोनकडे गेले. रविवारी सकाळी कुणाला फोन करतायत, ह्यांना ना

३ एप्रिल, बुधवार

जिवंत आहे. हॉस्पिटल, खिडकीजवळची कॉट. वही ह्यांनी आणून दिली.

तो फोन अँब्युलन्सला होता. मी सोफ्यावरून सगळं ऐकत होते. पलीकडून स्पीकरवर प्रश्न येत होते आणि हे एकेकाचं उत्तर देत होते. श्वास घेता येतोय का, घाम आहे का, दुखणं कुठे आहे. प्रश्नांचा क्रम चांगला होता, तेवढ्यातही माझ्या लक्षात आलं. आणि ह्यांचा आवाज! गाडीतला आवाज होता तो. समोर भिंत आणि हे अलगद ब्रेक दाबतायत. मी ओरडले, "अहो, ऍसिडिटी आहे म्हणून सांगा! उगाच त्यांना पळवू नका!"

हे फोनमध्ये म्हणाले, "ती म्हणतेय काही नाही. पण मला पॅनिक अटॅक येतात. ते आतून कसं असतं मला माहीत आहे. हे ते नाही. गाडी पाठवा."

पलीकडच्याने प्लग लावलाय का असं एकदाही विचारलं नाही. सांगितल्याप्रमाणे ह्यांनी मला अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला दिली, दार उघडून ठेवलं आणि माझ्या पायाशी बसून राहिले. मी म्हटलं, "घाबरू नका हं." ते म्हणाले, "नाही घाबरलो." आणि खरंच घाबरले नव्हते. ते पाहून मात्र माझी पाचावर धारण बसली. हा माणूस दुकानातल्या रांगेत मरतो, नखं कापताना मरतो, आणि आज शांत आहे, म्हणजे प्रकरण काहीतरी खरं आहे. मग मी रडले. मला लेकीला बघायचं होतं, मला मरायचं नव्हतं, आणि हे मी मोठ्याने म्हटलं असं हे सांगतात.

मला खाली नेलं ते खुर्चीत बसवून. पाठीला आधार, दोन हात, पट्टा. दोघांनी उचललेली. सगळ्या वळणांवरून न थांबता.

एक रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली होती. ती उघडून त्यात बारीकशी जाळी बसवली आहे. त्याच डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी विचारलं, "आधी काही त्रास होता?" मी म्हटलं, "छे." मग म्हटलं, "दाढ जरा." मग, "आणि जिना." मग थकवा, मग गरगरणं. बाई लिहीत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मी त्या दिवशी सांगितलेलं तुम्हाला सगळं आठवत होतं?" मी म्हटलं, "अर्धं." अजून उशीर केला असता तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

मी धोक्यातून सुटले असं कळल्यावर, संध्याकाळी, ह्यांना बाहेर बाकावर दणदणीत अटॅक आला. सिस्टरने बसवलं, ईसीजी काढला, ठणठणीत. मी कॉटवरून हाक मारली, "मुंग्या येतायत का?" बाहेरून उत्तर आलं, "हो!" वॉर्डातले सगळे हसले.

लेक काल पहाटे पोचली. आल्यापासून मला रागावतेय. रागावताना माझा हात सोडत नाही.

४ एप्रिल, गुरुवार

हॅलोहॅलोचा फोन. "हॅलो, हॅलो! ताई, खुर्ची तुमचीच आहे, कुणाला बसू देत नाही मी."

"तू बस," मी म्हटलं.

"अहो, पण जिंकलात तुम्ही."

"त्या फ्रिजवाल्या बाईंना तू काय विचारलंस रे?"

"काही नाही विचारलं. त्या म्हणाल्या रोज शेजारी उभ्या असतात. मग म्हटलं, मला इथून काय कळणार?"

तो हॅलो, हॅलो करत राहिला. शेवटी त्याला म्हटलं, खुर्चीचा उजवा हात सैल आहे, जपून टेक.

५ एप्रिल, शुक्रवार

घरी आलो. लेक पुढे दार उघडायला गेली. डॉक्टरीणबाईंनी मला सांगून ठेवलंय, हळू चढा, घाई नको. हे माझ्या मागे, दोन्ही खांद्यांना पिशव्या, काखेत हॉस्पिटलची उशी, हातात फळं. ती उशी का आणली विचारलं तर म्हणे आपलीच आहे.

पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणावर मी कठडा धरला आणि मागे वळून बघितलं. एवढं ओझं घेऊन हे चढत होते, तोंड मिटलेलं, कपाळावर घामाचा थेंब नाही.

"तुम्हाला दम नाही लागला?"

"मला?" हे म्हणाले. "मला कधी लागत होता?"

"मग रोज इथे थांबायचात ते?"

त्यांनी उशी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली, खिडकीतून खाली बघितलं. निळी गाडी वाकडीच लावलेली होती.

"तू थांबायची नाहीस ना," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर हसली असतीस."

हसलेच असते. वरून लेकीने हाक मारली, काय झालं, ठीक आहे ना? नेहमीप्रमाणे "काही नाही" असं तोंडावर आलं होतं.

"मला दम लागलाय," मी वर ओरडून सांगितलं. "जरा थांबतोय."